हात वर केल्याशिवाय न थांबणारे बिराजदार सर

बिराजदार सर गप्पा मारायला लागले की शेजारचा वर्गसुद्धा आपला तास सोडून ऐकायचा. पण हातात कुणाचा निबंध आला की त्यांचा आवाज एकदम सपाट व्हायचा. एसटी स्टँडवर मंगळवेढ्याची गाडी लागल्याचं ज्या आवाजात सांगतात, त्याच आवाजात सर 'माझी आई' वाचायचे.

नियम असा की ज्याचा निबंध, त्याने समोर उभं राहून ऐकायचं. चूक कानाला लागली की हात वर करायचा, मग सर थांबणार आणि आपण दुरुस्ती सांगायची. हात वर झाला नाही तर सर लिहिलंय ते शेवटपर्यंत वाचत जाणार. आपणहून कधी अडणार नाहीत, हसणार तर नाहीतच. लाल शाई असताना हा छळ कशाला, असं मी एकदा वैतागून विचारलं. सर मूळचे मंद्रूपचे, घरात कन्नड बोलणारे. म्हणाले, "डोळा आपल्या लेकराला गोरंच म्हणतो की. कानाला तेवढी माया नसती."

माझ्या बाकावरच्या यल्लप्पाने 'माझा आवडता प्राणी' लिहिताना गाइडातला कुत्रा उचलला आणि सगळीकडे कुत्र्याच्या जागी हत्ती घातला. सर वाचू लागले. हत्ती यल्लप्पाचे पाय चाटत होता, चोर आला की भुंकत होता. वर्ग बाकांवर लोळत होता आणि सर शांतपणे वाचत होते, "रात्री हत्ती माझ्या खाटेखाली झोपतो." इथे कुठे यल्लप्पाचा हात वर गेला.

"सर, थांबा. खाट मोडंल."

"मग? खाट काढू का हत्ती?"

यल्लप्पाने बराच विचार केला आणि जड मनाने हत्ती काढला.

सर निवृत्त व्हायचे होते तेव्हा वर्गातर्फे मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. शिक्षण खात्यातले साहेब, पाहुणे, सगळे येणार होते आणि मला छाप पाडायची होती. दोन रात्री जागून लिहिलं आणि हाताच्या सवयीने नेऊन दिलं थेट सरांनाच. ज्याचं मानपत्र त्यालाच तपासायला देणारा गाढव मीच. सरांनी चष्मा लावला, मला समोर उभं केलं आणि तोच आवाज लावला. "आपण ज्ञानाचे महासागर आहात." आमच्या पेठेत नळाला एक दिवसाआड पाणी यायचं. मी हात वर केला, सागर गेला. "आपल्या जाण्याने सूर्य मावळला." बाहेर सोलापूरचं ऊन मी म्हणत होतं. पुन्हा हात. हिमालय गेला, वटवृक्ष गेला. माझी छाप एकेक ओळीने खाली येत होती आणि सरांच्या चेहऱ्यावरची रेष हलत नव्हती.

उरल्या शेवटच्या साध्या ओळी. "सोमवारपासून आमचं लिहिलेलं आम्हांला कोण वाचून दाखवणार?" एवढं वाचून सर थांबले.

मी तर हात वर केला नव्हता. ओळ मनात उलटसुलट करून पाहिली. चूक सापडेना.

"सर, काय काढू?"

"काय काढू नको." त्यांनी चष्मा काढला आणि कागद माझ्यापुढे केला. "पुढचं तू वाच."

मी वाचलं, सरांच्याच त्या सपाट आवाजात. मला दुसरा येतच नव्हता.