लाल पट्टा, पिवळा पट्टा आणि कॅलेंडरचं कव्हर

मेमरी कार्ड भरलं की जुने फोटो उडवून जागा करता येते. किस्स्यांचं तसं होत नाही. आमच्या ग्रुपचा एक सांगायला घेतला की दुसरा मागून ढुशी देतो, "आणि माझं काय?" म्हणून म्हटलं, एकदाचे लिहूनच टाकावेत. निदान "असं काही घडलंच नव्हतं" म्हणायला कुणी मोकळं राहणार नाही. आणि आमच्यात तसं म्हणणारे सगळेच आहेत!

ग्रुप म्हणजे चंदीगडमधली कॅमेरावेडी मंडळी. रविवारी सकाळी सुखना लेकवर भेटायचं, फोटो काढायचे आणि मग परांजपे मॅडमच्या घरी पोहे खात एकमेकांचे फोटो खोटे ठरवायचे.

मॅडम युनिव्हर्सिटीत वनस्पतिशास्त्र शिकवून रिटायर झाल्या. इतकी वर्षं इथे काढली की त्यांच्या पुणेरी मराठीत "पक्का" आणि "जी" कायमचे राहायला आलेत. डॉक्टर निमकर सांगलीचे, सेक्टर ३२ मधल्या सरकारी हॉस्पिटलात भूल देतात. बोरकर नागपूरचा, मोहालीत आयटीत. जस्सीचा इंडस्ट्रियल एरियात नटबोल्टचा कारखाना. त्याची बायको वृषाली नाशिकची, म्हणून तो सगळ्यांचा जावई. आणि मी, मोहालीच्याच नॉलेज सिटीत पीएचडी करणारी, वयाने सगळ्यांत लहान आणि भांडायला सगळ्यांत पुढे. कारण मला फोटोतला खोटेपणा अजिबात सहन होत नाही.

कॅमेऱ्यांच्या कंपन्यांची नावं मी घेणार नाही. घेतली की भांडण पुन्हा सुरू होईल. आम्ही कॅमेऱ्याच्या गळ्यातल्या पट्ट्याच्या रंगावरून बोलतो. डॉक्टर लाल पट्टेवाले. बोरकर पिवळा पट्टेवाला. दोघांचे कॅमेरे मिररलेस, दोघांचे उत्तम, आणि दोघांना एकमेकांचा कॅमेरा बघून मळमळतं. जस्सी लाल, कारण डॉक्टर लाल. मॅडम आणि मी तिसऱ्याच कंपनीच्या, त्यामुळे आमच्यावर दोन्हीकडून संशय.

दरवर्षी आम्ही एक कॅलेंडर काढतो आणि ट्रायसिटीतल्या, म्हणजे चंदीगड, मोहाली आणि पंचकुलातल्या मराठी घरांत वाटतो. प्रत्येक फोटोखाली माणसाचं नाव आणि कॅमेऱ्याची कंपनी. माणसाचं नाव चुकलं तर लोक हसतात; कंपनी चुकली तर फोन येतात!

या कॅलेंडरचं कव्हर डॉक्टरांना आजवर कधीच मिळालेलं नाही. या वर्षी ते रिटायर होऊन कायमचे सांगलीला निघालेत. म्हणजे शेवटची संधी. "तिकडच्या घरी हॉलमध्ये खिळा ठोकून ठेवलाय पोरी," ते मला म्हणाले. "आता कव्हर तेवढं बाकी आहे बघ." हे ऐकून कुणालाही वाटेल की आम्ही सगळ्यांनी मिळून ते त्यांना देऊन टाकलं असेल.

तुम्ही आमच्या ग्रुपला ओळखत नाही.

*

एकदा बोरकरने त्याच्या रूममेटचा फोटो ग्रुपवर टाकला. खिडकीतून तिरका उजेड, चेहऱ्यावर अर्धी सावली. सुंदर फोटो.

डॉक्टरांचा मेसेज लगेच आला. "स्किन टोन बघा. पिवळाजर्द! म्हणून मी ही कंपनी घेत नाही."

बोरकर पेटला. "डॉक्टरसाहेब, तुमच्या कॅमेऱ्यात सगळे टोमॅटो दिसतात, तवा मी काही बोललो का?"

दोन दिवस हेच. डॉक्टरांनी कंपनीच्या रंगांवर लेख लिहावा इतके मेसेज लिहिले. डोळ्यांचा पांढरा भागसुद्धा पिवळा येतो, ही कंपनीची किती जुनी खोड आहे, हे मुद्देसूद पटवून दिलं. बोरकरने वैतागून रूममेटला पुन्हा खिडकीत बसवलं, सेटिंग बदलून फोटो काढला. तरी पिवळा!

तिसऱ्या दिवशी रूममेट ॲडमिट. कावीळ.

बोरकरने ग्रुपवर एकच वाक्य टाकलं. "माझ्या कॅमेऱ्याला कळलं, डॉक्टरला नाही कळलं!"

डॉक्टरांनी उत्तर दिलं, "मी भूल देतो. निदान माझं काम नाही."

*

यानंतर डॉक्टर बदला घेणार, हे उघड होतं. बोरकरने लेकचा फोटो टाकला तेव्हा त्यांनी लिहिलं, "वर उजवीकडे काळा ठिपका. सेन्सरवर घाण आहे. कॅमेरा जरा पुसत जा की."

"मलापण दिसतो जी!" जस्सी. जस्सीचं मराठी वृषालीच्या कृपेने चांगलं आहे, फक्त लेंगा वर आणि सदरा खाली घातल्यासारखं.

मला ठिपका दिसेना. मॅडमना दिसेना. पण दोघांना दिसतोय म्हणजे असेल. बोरकरने सेन्सर पुसला. पुढच्या फोटोवर डॉक्टर म्हणाले, "अजून आहे. तिथेच." जस्सी म्हणाला, "थोडा मोठा झाला जी."

बोरकरने कॅमेरा सर्व्हिस सेंटरला नेला. तिथल्यांनी तपासून सांगितलं, काही नाही. बोरकरला त्यांचाही संशय आला.

रविवारी पोहे खाताना त्याने तो फोटो मॅडमच्या टीव्हीवर लावला. ठिपका नाही. डॉक्टरांनी खिशातून आपला फोन काढला. "हे बघ, इथे आहे की!" मॅडमनी फोन हातात घेतला, चष्मा वर केला आणि नखाने ठिपका खरवडून काढला. मोहरी होती.

मग सगळ्यांनी जस्सीकडे पाहिलं.

"मला अजूनपण दिसतो," जस्सी म्हणाला.

*

पक्ष्यांच्या बाबतीत तर आमच्यात कुणी कुणाला जागा सांगत नाही. चंदीगडमध्ये राखी धनेश काही दुर्मिळ नाही, पण घरट्यावरची जोडी मिळणं वेगळं. एका उन्हाळ्यात डॉक्टर आणि बोरकर दोघांकडेही तसे फोटो यायला लागले. पिंपळाची ढोली, आत मादी, नर चोचीतून फळ भरवतोय.

"कुठे?" मी विचारलं.

"मोरनीकडे," डॉक्टर म्हणाले.

"कसौलीच्या रस्त्याला," बोरकर म्हणाला.

मला तेव्हाच वाटलं, दोघंही फेकतायत. एकाने फोटो काढायचे आणि दुसऱ्याने चोरायचे, असं काहीतरी असणार. मी चिडून हे सगळं मॅडमना सांगायला गेले. त्या बाल्कनीत होत्या. मी बोलत होते आणि त्या नुसतं "हं, हं" करत होत्या. तेवढ्यात समोरच्या पिंपळावरून फडफड ऐकू आली. वर पाहते तर ढोली, आत मादी, नर फळ भरवतोय!

"मॅडम! हे दोघं इथे येतात?"

"डॉक्टर सकाळी येतो, बोरकर ऑफिसनंतर," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "दोघांनी माझ्याकडून वचन घेतलंय, दुसऱ्याला सांगायचं नाही. मी पाळलं. पक्का." मग आवाज खाली करून म्हणाल्या, "आता तू पण वचन दे. आणि चहा टाकू का?"

*

जस्सीचं एक निराळंच. लाल पट्टेवाल्यांचे सोडून कुठलाही चांगला फोटो आला की तो लिहितो, "AI आहे जी." सूर्योदय? AI. मोर? AI. माझ्या आजीचा फोटो, जो मी स्वतः नांदेडला जाऊन काढला, त्यावरही, "हात बघा, AI आहे जी." आजीला संधिवात आहे!

मी त्याला फोनवर झाप झाप झापलं. काही फरक नाही.

शेवटी मॅडमनीच उपाय केला. एका संध्याकाळी त्या जस्सीच्या घरी गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोटो टाकला: जस्सी, एप्रन घालून, पोळपाटावर एकदम गोल पोळी लाटतोय!

जस्सीला कारखान्यात काय वाटलं असेल कोण जाणे. त्याचं उत्तर आलं, "AI आहे जी!!"

खाली वृषालीने लिहिलं, "अगदी खरं. ओरिजिनल मॉडेल पाण्याचा ग्लाससुद्धा उचलत नाही."

*

असे आम्ही. म्हणून या वर्षी कॅलेंडरचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी नियम केला: फोटोसोबत कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फाइल द्यायची. कुणी, कधी, कशाने फोटो काढला, ते त्यात असतं. ती दाखवा, संशय संपला! सगळ्यांनी कुरकुर केली, पण कबूल केलं.

डॉक्टरांचा फोटो आला आणि मी खुर्चीतून उठले. सेक्टर २६ च्या भाजीमंडीतली हिवाळ्याची सकाळ. दाट धुकं, एक म्हातारा चहावाला स्टीलच्या किटलीतून हमालाच्या ग्लासात चहा ओततोय, आणि चहाची वाफ कुठे संपते, धुकं कुठे सुरू होतं, ते कळत नाही. डॉक्टरांनी आजवर काढलेल्या कशाच्याही हा पुढचा होता. कव्हर म्हणजे हेच!

फक्त मूळ फाइल नव्हती.

"सर, फाइल?"

"देतो की."

आठवडा गेला. "सर, फाइल?"

"अगं, ती सापडत नाही बघ. तू फोटो घे ना."

डॉक्टर निमकर! ज्यांच्याकडे मुलाच्या बारशाचे निगेटिव्हसुद्धा पाकिटात नावं घालून ठेवलेत! माझ्या मनात पाल चुकचुकली नाही, तिथे पालींची सभाच भरली. त्यात बोरकरचीही फाइल आली नव्हती. तो म्हणाला, डिस्क उडाली. पण त्याला फेब्रुवारीचं पानही चालणार होतं. इथे प्रश्न कव्हरचा होता.

रविवारी मॅडमच्या घरी मी सगळ्यांसमोर बोलले. "सर, वाईट वाटून घेऊ नका. फाइल द्या, नाहीतर मी असं समजते की हा फोटो तुमचा नाही."

खोलीत पोह्यांच्या बशीत चमचा ठेवल्याचा आवाज झाला. डॉक्टरांचा चेहरा पडला. मला वाटलं आता ओरडतील. ते हळूच म्हणाले, "मग काढून टाक पोरी. राहू दे कव्हर."

झालं! एवढ्या वर्षांचं कव्हर कुणी असं सोडतं? चोरीचाच होता फोटो!

तेवढ्यात बोरकर म्हणाला, "काहून एवढं ताणून राहिली बे? मस्त फोटो आहे. त्यांचाच आहे. छाप ना."

आता मात्र मी हादरले. बोरकरने लाल पट्ट्याच्या फोटोला मस्त म्हटलं? शुद्धीवर?

"तुला काय माहीत त्यांचाच आहे म्हणून?"

बोरकरने पोह्यांत लिंबू पिळायला घेतलं. पिळलेलंच लिंबू.

"AI असेल जी," जस्सी उठला. लाल पट्ट्याच्या फोटोला AI म्हणायची त्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे त्याला दुःख झालेलं स्पष्ट दिसत होतं. "मी सांगतो कसं पकडायचं. AI ला रिफ्लेक्शन जमत नाही. किटली चमकते ना? तिच्यात बघू."

"नको," डॉक्टर म्हणाले.

"नको बे," बोरकर म्हणाला.

दोघं एकदम!

मॅडमनी रिमोट माझ्या हातात दिला.

मी टीव्हीवर फोटो लावला आणि किटलीवर झूम केलं. फुगीर पोटावर वाकडीतिकडी मंडी, पोत्यांची रांग, एक हातगाडी. अजून झूम. मधोमध तपकिरी माकडटोपी. अख्ख्या चंदीगडात तशी टोपी एकच, निमकर वहिनींनी विणलेली.

"डॉक्टरच आहेत!" मॅडम आनंदाने म्हणाल्या. "म्हणजे फोटो यांचाच! बघ, उगाच—"

आणि त्या उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेल्या. कारण माकडटोपीखाली, डोळ्याला लावलेल्या कॅमेऱ्यातून जो पट्टा खाली लोंबत होता, तो पिवळा होता. लख्ख पिवळा. धुक्यातसुद्धा.

जस्सीने पगडी चाचपली, जणू तीही पिवळी झालीय का ते बघायला.

"थोडं डावीकडे घे," मॅडम मला म्हणाल्या.

मी डावीकडे घेतलं. डॉक्टरांच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून, एक उंच माणूस उभा होता. मोहालीच्या कंपनीचं निळं जॅकेट. त्याच्या डोळ्यालाही कॅमेरा. आणि गळ्यात लाल पट्टा.

सगळ्यांनी बोरकरकडे पाहिलं.

"थंडी लय होती," बोरकर म्हणाला.

डॉक्टर छताकडे बघत होते. मी रिमोट ठेवला. मला खरं हवं होतं, ते मिळालं होतं. फोटो खरा, माणूस खरा. कव्हर डॉक्टरांचं.

"सर," मी म्हणाले, "कव्हर तुमचंच. मी आजच छापायला देते. फक्त नियमाप्रमाणे खाली कॅमेऱ्याची कंपनी लिहावी लागेल. काय लिहू?"

डॉक्टरांनी टीव्हीवरच्या किटलीकडे एकदा पाहिलं. मग घसा साफ करून म्हणाले,

"मोबाईल लिही."

बोरकरने बशी खाली ठेवली.

"माझ्या फेब्रुवारीखालीही तेच लिहून टाक."