ममताचा ळ

ममता पाडवीबद्दल पानभर लिहून द्या, असं फादरनी मला सांगितलं. मलाच! अख्ख्या सिल्वासात दुसरं कुणी सापडलं नाही त्यांना. आमच्या देवळाच्या (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) ऑडिओवर ‘आपली माणसं’ असा नवा भाग सुरू होणार आहे आणि पहिला मान ममताचा. वर फादर म्हणाले, “वाचायचं पण तुम्हीच, सुलभाबाई. स्वतःचं कौतुक ती स्वतः कसं वाचणार?” म्हणजे बघा, माझा आवाज शेवटी लागायचा तो कशाला, तर तिच्या आरत्या ओवाळायला.

फादरना द्यायचं ते गोडगोड नंतर लिहीन. आधी हे लिहून मोकळी होते, नाहीतर घास घशाखाली उतरायचा नाही.

मी मूळची वसईची. लग्न होऊन इथे आले, टोकरखाड्याला शाळेत मराठी शिकवायला लागले, आणि तेव्हापासून रविवारच्या मराठी मिस्साला, म्हणजे उपासनेला, बायबलचं वाचन माझ्याकडे. अक्षर न् अक्षर धुऊन वाळत घातल्यासारखं स्वच्छ, असं आधीचे फादर म्हणायचे. मी नाही म्हणत. आताचे फादर मंगळूरकडचे. मराठी बेताचंच, पण हौस दांडगी. कुठल्याशा मोठ्या कॅथेड्रलनं आपला इतिहास, उपासना, चिंतन सगळं ऑडिओवर आणलं, ते ऐकून त्यांना चेव आला. आपलं देऊळ लहान असलं म्हणून काय झालं, पोर्तुगीजांच्या वेळचं आहे! ज्यांना शिफ्टमुळे मिस्सा मिळत नाही, जे दुधनीकडे धरणाकाठी लांब राहतात, जे अंथरुणाला खिळलेत, त्यांना मोबाइलवर ऐकता येईल.

कल्पना मला एकदम पसंत पडली. कारण वसईला माझी आई आहे. नलिनी तिचं नाव. गुडघ्यांनी तिला घरात बसवलं आणि कानांनी निम्मं जग बंद केलं. तिनं मला इथल्या देवळात वाचताना एकदाही ऐकलेलं नाही. आता आईच्या मोबाइलवर माझा आवाज लागेल, एवढीच माझी आस होती. मी तर फोन करून तिला सांगूनसुद्धा टाकलं, “आई, आता रोज मला ऐक.” त्याच दिवशी ज्येष्ठमधाची कांडी आणून ठेवली.

आणि आवाज लागला ममताचा.

कोण ही? शहाद्याकडची, इथे सुताच्या कारखान्यात बॉबिन बदलते. भाऊ संजू आधी आला, त्याच्या मागोमाग ही. दोघं कारखान्यामागच्या चाळीत एका खोलीत राहतात. शिफ्ट सुटली की केसांत सुताचे तंतू घेऊन तशीच देवळात येते आणि मागच्या बाकावर बसते. मला एकदा ताप आला म्हणून एक रविवार, फक्त एक रविवार, तिनं वाचन केलं. झालं, आयत्या बिळावर नागोबा! फादरनी दोघींचे आवाज रेकॉर्ड करून चार घरी ऐकवले. दुधनीची आक्काबाई म्हणाली, “ही पोरगी शेजारी बसून बोलते असं वाटतं. दुसरी बाई शाळा घेते.” दुसरी बाई म्हणजे मी. दर नाताळला आक्काबाईला करंज्या मी पाठवते, ममता नव्हे!

“जळतेस तू,” आमचे हे म्हणाले.

जळते तर जळते. मग काय टाळ्या वाजवू?

बरं, वाचते तरी धड? तिला ळ येत नाही. त्यांच्याकडे ळ चा य होतो. डोळा म्हणजे डोया, केळं म्हणजे केयं. देवळाचा इतिहास सांगताना पहिल्याच वाक्यात तिनं ‘आपलं देऊय’ म्हटलं. मी तडक फादरकडे गेले आणि म्हटलं, हे असं चालणार नाही, लोक हसतील. फादर विचारात पडले. मला वाटलं, आता म्हणतील, मग तुम्हीच वाचा. ते म्हणाले, “बरोबर आहे. मग तुम्हीच तिला शिकवा.” घ्या! जखमेवर मीठ म्हणतात ते हेच.

तर ती माझ्या स्वयंपाकघरात यायला लागली. मी डाळ निवडायची आणि ती ओट्याला टेकून ळ घोटायची. “कळ म्हण.” “कय.” “खेळ.” “खेय.” “अगं, जीभ मागे वळव!”

“वयवते ना, बाई,” ती म्हणाली. मग स्वतःच इतकी हसली की मलाही तोंड फिरवून डाळीत बघावं लागलं. “मले नई जमत, बाई. माझी जीभ आईवर गेली.”

तशीच एकदा आईची गोष्ट निघाली. गावाकडे तिची आई दोन वर्षं खाटेवर होती. देऊळ लांब, उठवत नव्हतं. ममता रोज संध्याकाळी खाटेच्या कडेला बसून तिला प्रार्थना वाचून दाखवायची. आवाज चढला की आई म्हणायची, “जोरात नको, मी इथेच आहे.” आई गेली, मग ममता इकडे आली. वाचण्याची ती सवय मात्र तशीच राहिली. ती सांगत होती आणि माझ्या हातातली डाळ तशीच होती. मी आयुष्यभर शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचावा म्हणून वाचत आले. हिला बाक माहीतच नव्हते, हिला खाट माहीत होती.

आता चांगली बाई असती तर तिचा हेवा तिथेच संपला असता. माझा वाढला. कारण तिकडे वसईला माझी भावजय मनीषा आईला रोज तो ऑडिओ लावून देत होती, आणि कानानं अधू असलेली माझी आई तो माझाच आवाज समजून ऐकत होती. “छान वाचतेस गो,” असं म्हणायची. मी “हं” म्हणायचे आणि विषय बदलायचे. मेलं कौतुकही माझ्या नावानं यावं आणि असावं दुसरीचं!

नाताळच्या आधी खास भाग करायचा ठरला. देवळामागच्या खोलीत खिडक्यांना गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला आणि आम्ही तिघं घामानं निथळत बसलो. ममतानं वाचायला घेतलं. गव्हाणीतलं बाळ, मेंढपाळ, काळोख, आभाळ, सगळे ळ चोख! माझी मेहनत हो ती. मी बोटांनी ओढणीचं टोक पिळत ऐकत होते. एकही चूक नाही. आणि अगदी शेवटच्या प्रार्थनेला ती आपल्या तंद्रीत गेली, आवाज खाली आला आणि म्हणाली, “बाय येशू, तू आमच्या घरी ये.”

बाय! बाळ येशूचा बाय येशू झाला! आमच्या वसईकडे बाय म्हणजे बाई, पोरगी. इथल्या शाळेतल्या पोरांना बाय म्हणजे टाटा. मी म्हटलं, “फादर, परत घ्या.” फादरनी मागे नेऊन ऐकलं आणि म्हणाले, “मला तर बरोबर वाटतं.” मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा ऐकलं आणि पुन्हा तेच म्हणाले. तिसऱ्यांदा मी काही बोलले नाही. म्हटलं, जाऊ दे, ऐकू दे गावाला.

गावानं ऐकलं. नाताळच्या सकाळी मिस्सा सुटल्यावर देवळाच्या आवारात पोरं गोठ्याच्या देखाव्यातल्या बाळाला हात हलवून “बाय येशू, बाय!” करत होती. ममता लालेलाल झाली. मी केक खात उभी होते, आणि खरं सांगते, तो केक मला फार गोड लागला.

दुपारी ती माझ्या दारात. नवी साडी, हातात झाकलेली ताटली आणि डोळे भरलेले. “बाई, तुम्ही एवढं शिकवलं आणि मी तुमचं नाव घालवलं.” तिला बसवलं, तेवढ्यात आईचा फोन. आईशी बोलायचं म्हणजे स्पीकर लावावाच लागतो.

“काय गो बाय!” आई ओरडली. मला ती जन्मापासून बायच म्हणते. भावजयीला नाही, नातींना नाही, फक्त मला. “खरं सांगू? एवढे दिवस ऐकत होते, पण तो आवाज तुझा वाटायचा नाही. मनीषाला बोलले नाही, म्हटलं माझेच कान गेले. पण काल पक्की ओळखली तुला!”

“कशावरून गं?”

“बाय येशू म्हणालीस ना! लहानपणी असंच म्हणायचीस तू. गोठ्यापुढे हात जोडायचीस आणि बाय येशू, बाय येशू. तुला ळ येतच नव्हता गो! बाबा मुद्दाम पुन्हा पुन्हा म्हणायला लावायचे.” आई हसत होती. “किती वर्षांनी ऐकलं.”

ममता माझ्याकडे बघत राहिली. “बाई, तुम्हालेबी?”

मी हो म्हटलं असतं तर आई त्या आनंदात वर्ष काढणार होती. पण ममता समोर बसली होती, भरल्या डोळ्यांची, जिला आता असं फोन करणारं कुणी नाही.

“आई,” मी म्हटलं, “ती मी नव्हे. ती ममता. आमच्या देवळातली. रोज तीच वाचते.”

मग आई म्हणाली, “कुठे आहे ती?”

“इथेच बसली आहे.”

“दे तिला.”

मी फोन दिला. ममतानं तो दोन्ही हातांत धरला.

“बोल गो बाय,” माझी आई तिला म्हणाली.

तिला! उठून फोन हिसकावून घ्यावा असं वाटलं. आई म्हणत होती, “ती कालची प्रार्थना म्हण बघू मला.” ममतानं आवाज खाली घेतला, खाटेच्या कडेला बसावं तशी पुढे वाकली आणि सुरुवात केली. नावाशी येऊन ती अडली. तिनं माझ्याकडे बघितलं. जीभ तिची मागे वळलेली मला दिसत होती, ळ तयार होता.

मी ओठांनीच सांगितलं, “बाय म्हण.”

“बाय येशू,” ती म्हणाली, आणि तिकडे माझी आई लहान मुलीसारखी हसली. फोन माझा होता, आई माझी होती, शब्दही माझाच होता. दुखायचं ते दुखतच होतं, पण फोन परत मागायला मी हात पुढे केला नाही.