केळीवाल्याची द्राक्षबाग

हिलाल नानांचा हात सैल. पैशाच्या बाबतीत नव्हे, युरियाच्या. शिरपूरकडचं त्यांचं गाव केळीचं, आणि केळी म्हणजे खादाड पीक. खोडाभोवती ओंजळ रिकामी केल्याशिवाय नानांना चैन पडायचं नाही. त्याच हाताने त्यांनी सत्त्याऐंशी साली एकरभर द्राक्षं लावली आणि वेलींनाही केळीसारखंच जेवू घातलं.

वेली अशा माजल्या की मांडवाखाली भरदुपारी अंधार. पानं तळहाताहून मोठी, घड मात्र शोधावे लागत. जे आले तेही पाणचट. धुळ्याहून आलेल्या व्यापाऱ्याने एक मणी तोंडात टाकला, बांधाकडे तोंड करून थुंकला आणि तसाच गाडीत बसला. नाना त्या दिवशी जेवले नाहीत.

घरात थोरल्या भावाचा, शालिग्राम आबांचा शब्द चाले. चाळिशी उलटली तरी नानांच्या मताने शेतात कधी वांग्याचं रोपसुद्धा लागलं नव्हतं. ही बाग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतः ठरवून लावली होती.

आबा म्हणाले, "आखो एक साल देस. घड नही उनात ते वेल उपटीसन केळी लावसू."

नाना कृषी खात्याच्या साहेबांना घेऊन आले. साहेबांनी पानांचे देठ तपासायला पाठवले आणि आठवड्याने उत्तर दिलं. "नाना, लाड फार झाले. एप्रिलच्या छाटणीनंतर नव्या काडीत पुढचा घड धरतो. त्याच दिवसांत तुम्ही युरिया ओतता, मग वेल नुसती पळत सुटते आणि घड जिरतो. आता युरिया बंद. स्फुरद द्या, पोटॅश द्या, आणि हात आवरा."

हात आवरा, हे सांगायला सोपं. जूनमध्ये पानांचा काळपट हिरवा रंग उतरला आणि नाना दिवसातून दहा वेळा बागेत फेरी मारू लागले. त्यात आबा येता-जाता टोचायचे, "हिलाल, तुना वेल उपाशी शेतस."

एके दुपारी नाना युरियाची पाटी डोक्यावर घेऊन निघालेच. पत्नी प्रमिलाबाई बागेच्या तोंडाशी उभ्या होत्या.

"कोठे चालनात?"

"थोडासाच देस. मन्हाघाई वेलना हाल देखाये नही."

"साहेबनं ऐकं ते पुरं ऐका," बाई म्हणाल्या आणि वाटेतून हलल्या नाहीत.

नाना मग वळले आणि ती सगळी पाटी आबांच्या केळीत रिकामी करून आले. हाताला काहीतरी काम हवं होतं. त्या पावसाळ्यात आबांची केळी अशी काही फोफावली की आबा स्वतःच्या शेतीज्ञानावर चार ठिकाणी बोलून आले. नवरा-बायकोने चकार शब्द काढला नाही.

ऑक्टोबरची छाटणी झाली, काड्यांवरचे डोळे फुटले. नाना सकाळी मांडवाखाली शिरले ते पहिल्याच काडीपाशी थांबले. पानाआड हिरवा घड होता. पुढच्या काडीवरही होता. नानांनी सगळी रांग वाकून वाकून पाहिली आणि तिथेच मातीत बसकण मारली. मणी मऊ होऊन त्यांत पाणी उतरायला लागल्यावर साहेबांनी सांगितलेला पोटॅशही त्यांनी मापाने दिला, चिमूटभर जास्त नाही.

फेब्रुवारीत आबा बागेत आले. मणी टचटचीत, पिवळसर काचेसारखे. आबांनी एक खाल्ला. नाना त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. आबांनी दुसरा खाल्ला, तिसरा खाल्ला, मग अख्खा घड खुडून हातात घेतला आणि चालू लागले. बांधावर पोचल्यावर पाठमोरेच म्हणाले,

"पुढला साले कितला लावाना ते तूच ठराव."

नानांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते पुसलेसुद्धा नाहीत.