बरणीतली मैनाचोच

आमगावकडच्या त्या गावात रामकलीबाई रहांगडालेंचं घर विचारलं, की "बियाण्याची बाई ना?" म्हणत लहान पोरही दारापर्यंत सोडून येतं. मैनाचोच हे जुनं धान आता त्यांच्याकडेच उरलेलं. टोकाला काळसर दाणा, आणि भात शिजला की वासानं शेजारीण आपणहून ताट घेऊन यावी असा. पण उरलेलं, ते मूठभर.

पूर्वी ते राखेत घोळून वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात ठेवलेलं असायचं आणि दरसाली शेतातल्या एका बांधीत पेरलं जायचं. मग कुणीतरी सत्कार केला, काचेची बरणी भेट दिली. धान बरणीत आलं आणि बरणी खिडकीत, टीव्हीशेजारी. उन्हात दाणे सोन्यासारखे चमकायचे, पाहुणे फोटो काढायचे. तेव्हापासून रामकलीबाईंनी मैनाचोच पेरलीच नाही. पेरली तर बियाण्यांच्या प्रदर्शनात दाखवायचं काय?

बियाण्यात जीव आहे का, असं पुसणारेही यायचे. त्यांना ओल्या कागदात उगवून पाहायला शंभर दाणे हवे असायचे. रामकलीबाईंचं उत्तर ठरलेलं. "मूठभर तं हायेत. पोरगी पाहाले येता, का नेऊनच टाकता?" लोक हसायचे, चहा पिऊन परत जायचे.

रोहिणी लागायच्या तोंडावर नीतू आली. संशोधन केंद्रातली तरणी पोर, जीपमध्ये एक बंद पेटी.

"आजी, एकही दाणा फुटणार नाही की भिजणार नाही," ती म्हणाली. "पेटीत दाण्यांवर वेगवेगळा उजेड पाडतो, डोळ्याला न दिसणारासुद्धा. जिवंत दाण्यावरून तो एका तऱ्हेनं परततो, मेलेल्यावरून दुसऱ्या. कॅमेरा तेवढं टिपतो."

इतकी वर्षं ज्या बहाण्याच्या सावलीत रामकलीबाई बसल्या होत्या, ते झाडच या पोरीनं तोडलं.

"आज लाईन नाही आमच्या इथं."

"बॅटरी आहे, आजी."

"आज अवस हाये. बीज बाहेर काढत नाही आमी."

"अवस होऊन चार दिस झाले, आई," आतून सून योगेश्वरी म्हणाली.

"तू भाजी पाह्य, करपून राहिली."

"भाजी अजून चुलीवर ठेवलीच नाही."

बरणी उघडली. दाणे ट्रेमध्ये पसरले. पेटीत लुकलुक झाली आणि लॅपटॉपवर चित्र उमटलं. सगळा ट्रे लाल. त्यात कुठेकुठे, चुकून सांडल्यासारखे, हिरवे दाणे.

"लाल बेस पिकलेले दिसून राहिले," रामकलीबाई घाईनं म्हणाल्या. "हे हिरवे कच्चे असन."

नीतू जरा अडखळली. "उलटं आहे, आजी. उगवायची आशा आहे ती हिरव्यांचीच. मशीनचा अंदाज थोडाफार चुकतोही. पण बाकीचे गेले. ऊन लागलं असेल."

योगेश्वरीनं खिडकीतल्या बरणीच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"तुह्या मशीनले खोटं बोलता येते का?"

"नाही, आजी."

"मंग तू बोल."

"मला रिपोर्ट द्यावा लागतो."

"कोणत्या भाषेत?"

"इंग्रजीत."

"मंग कायची फिकर." हे म्हटलं खरं, पण त्यांना स्वतःलाच हसू आलं नाही.

पुढच्या आठवड्यात गोंदियाला प्रदर्शन होतं. पत्रिकेत त्यांचं नाव छापून आलं होतं.

"यंदा पेरले नाहीत," नीतू हळूच म्हणाली, "तर पुढल्या वर्षी हिरवा एकही दिसेल याची खात्री नाही."

रामकलीबाई चित्राकडे पाहत बसल्या. मग उठल्या आणि मातीनं भरलेली परात घेऊन आल्या. "बोट ठेव पोरी, कोणता कोणता हिरवा. एक बी सोडू नको."

नीतूनं चित्रात पाहून, चिमट्यानं एकेक दाणा वेचला; रामकलीबाईंनी तो परातीतल्या मातीत खोचला.

"आनं हे लाल?" योगेश्वरीनं विचारलं.

"बरणीत. तू घेऊन जा प्रदर्शनाले."

"मेलेल्यांची बरणी मिरवू मी?"

"मी मिरवलीच ना इतकी वर्सं."

प्रदर्शनाच्या दिवशी रामकलीबाई अंगणात काठी घेऊन बसल्या होत्या. परातीत सुईसारखे दोन-तीन कोंब वर आले होते आणि कुडावर चिमण्या टपल्या होत्या. फोन वाजला.

"आई, पावन्यानं बरणीले हार घातला. हात जोडले."

"जोडू दे. मेलेल्याले हातच जोडतेत."

"तुमी कायले नाही आल्या म्हणून पुसून राहिले सारे. काय सांगू?"

एक चिमणी परातीच्या काठावर उतरली. रामकलीबाईंनी काठी आपटली.

"सांग," त्या म्हणाल्या, "बाळंतिणीजवळ बसली हाये."