माझा वेगळा पेला

"ट्युबरक्युलोसिस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी नुसतीच त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले, तेव्हा त्यांनी मराठीत सांगितलं, "म्हणजे क्षयरोग. आपल्या थुंकीत त्याचे जंतू सापडले आहेत."

बाई परदेशातून आलेल्या. मराठी पुस्तकावरून शिकलेल्या, त्यामुळे रोग्यालाही 'आपण' आणि झाडूवालीलाही 'आपण' म्हणायच्या. इतक्या अदबीनं वाईट बातमी मला कधी कुणी दिली नव्हती. त्या काळी क्षय झाला म्हणजे माणूस गेलंच, असं आम्ही धरून चालत असू.

बेळगावच्या त्या मिशन दवाखान्यात माझ्याशेजारी माझे यजमान बसले होते, याकोब मास्तर. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि तिची कड दाबत बसले.

आमचं गाव निपाणीजवळ. मिशनच्या शाळेत मास्तर वरच्या वर्गांना शिकवत, मी बिगरीच्या लहान पोरांना. तंबाखूच्या हंगामात आमच्याकडे सगळा गाव खोकतो, तशी मीही खोकत होते. हंगाम संपला, गावाचा खोकला थांबला, माझा थांबला नाही. संध्याकाळ झाली की अंगात कणकण यायची. पोलकी ढिली झाली. मग एके दिवशी वर्गात पाटी पुसायच्या फडक्यात खोकले आणि त्यावर लाल ठिपका दिसला. हे वाचणाऱ्या कुणाला असं होत असेल, तर तंबाखूला बोल लावत बसू नका. थुंकी तपासून घ्या.

बाईंनी नियम सांगितले. खोकताना तोंडावर कापड धरायचं. झोपायचं ते मोकळ्या हवेत. "आपला पेला, आपली ताटली वेगळी ठेवावी. उकळत्या पाण्यात धुवावी. आणि बरं होईपर्यंत प्रभुभोजनाच्या सामाईक पेल्याला ओठ लावू नयेत."

"वेगळा पेला आमच्या लोकांना नवा नाही, बाई," मी म्हणाले. माझी जीभ पहिल्यापासूनच तिखट. मास्तरांनी मला कोपरानं ढोसलं.

बाईंना ते उमगलं की नाही, कोण जाणे. आमची घरं मूळची महारवाड्यातली. निपाणीच्या बाजारात चहाच्या दुकानाबाहेर खिळ्यांना आमच्या लोकांचे कप टांगलेले असत. प्यायचं, आपणच विसळायचं, परत टांगायचं. आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, मात्र प्रभुभोजनाचा रस प्यायला सगळ्यांना एकच पेला. पाटलाच्या घरातून ख्रिस्ती झालेले एक गृहस्थ त्याला ओठ लावत आणि मागोमाग माझे सासरे लावत. सासऱ्यांना सगळं गाव आप्पा म्हणायचं. देव म्हणजे काय, हे आप्पांना त्या पेल्यानं कळवलं होतं. शास्त्र त्यांनी नंतर ऐकलं.

दवाखान्यात खाट रिकामी व्हायला वेळ होता, म्हणून आम्ही घरी परतलो. मी एका पितळी पेल्याला ओळखीसाठी लाल दोरा बांधला. आप्पांच्या नजरेतून तो सुटला नाही.

"ह्यो दोरा कशाला?"

"डॉक्टरांनी सांगितलंय, आप्पा. माझा पेला वेगळा ठेवायचा."

"माझ्या घरात वेगळा पेला न्हाय," असं म्हणून त्यांनी दोरा तोडला आणि पेल्यात माझं उष्टं पाणी होतं ते माझ्यादेखत पिऊन टाकलं.

"जंतू असत्यात त्यात! तुमालाबी हुईल, आप्पा!"

"हूं दे. बाटायला मी काय सोवळ्यातला हाय व्हय?"

मला रडू आलं, रागही आला. ते हे सगळं मायेपोटी करत होते, पण दवाखान्याचा नियम आणि चहाच्या दुकानाचा नियम त्यांच्या कानाला सारखाच लागत होता. मी परोपरीनं सांगितलं. मास्तरांनी फळ्यावर जंतूचं चित्र काढून दाखवलं. आप्पा म्हणाले, "किडा बारीक हाय, मान लई मोठा हाय."

त्याच आठवड्यात बेळगावचे पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, आमच्याकडे प्रभुभोजन द्यायला आले. मंडळीनं मागच्या मागं ठरवून टाकलं होतं की मला बाजूला बसवायचं नाही. उलट सतरंजीवर सगळ्यांत पुढं बसवलं. "पैला पेला मार्थाबाईला द्या," आप्पा मोठ्यानं म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्याशेजारी एक लेकुरवाळी होती, तिच्या मागं दोन म्हाताऱ्या. माझ्यानंतर तो पेला सगळ्यांच्या तोंडाला लागणार होता.

पेला माझ्या हातात आला. मनुका उकळून केलेल्या रसाचा तो वास. खरं सांगते, मला तो हवा होता. दवाखान्यातून परत येईन याचा भरवसा नव्हता. जाण्याआधी आपल्या माणसांबरोबर एकदा प्यावं, एवढंच मागणं होतं. मी पेला तसाच शेजारणीच्या हातात दिला.

शेवटचं गीत सुरू व्हायच्या आधीच आप्पा उठून बाहेर गेले. दोन दिवसांनी मी सर्व्हिस मोटारीला निघाले, तेव्हा ते घरामागच्या परड्यात गवत कापत होते. मी हाक मारली. त्यांनी वर पाहिलं नाही. सुनेनंच आपल्याला परकं केलं, हे त्यांच्या मनानं घेतलं होतं.

दवाखान्यात आमच्या खाटा लांब ओसरीवर होत्या, तीन बाजूंनी उघड्या. बेळगावची गार हवा हेच पहिलं औषध. दुसरं औषध दूध आणि अंडी. तिसरं औषध ऐकून मी हबकलेच. "आपण बोलायचे नाही," बाई म्हणाल्या. "फुफ्फुसाला विश्रांती हवी." पोरांवर ओरडून पोट भरणाऱ्या बाईला गप्प बसायला सांगितलं! बाईंनी मास्तरांना हे सांगितलं, तेव्हा ते हसू दाबायला ओसरीबाहेर पाहू लागले.

मग न्यूमोथोरॅक्स सुरू झालं. म्हणजे दोन फासळ्यांमधून सुई घालून छातीत हवा भरायची. त्या हवेनं आजारी फुफ्फुस मिटून पडतं आणि त्याला विसावा मिळतो. काही दिवसांनी हवा जिरते, की पुन्हा सुई. ज्यांना हे करावं लागेल त्यांना सांगते, दुखण्यापेक्षा भीतीच जास्त. सुई आत जाताना श्वास धरू नका, अंग सैल सोडा.

शेजारच्या खाटेवर चिकोडीकडच्या जैन घरातली पद्माक्का होती. तिलाही बोलायची बंदी. दिवस मावळायच्या आत जेवण आलं नाही, की ती वाढणाऱ्या बाईला डोळ्यांनीच जाब विचारायची. आम्ही खुणांनी गप्पा मारायचो. माझ्या खुणासुद्धा लांबलचक असत, म्हणून ती हसायची आणि हसली की खोकायची. एके दुपारी तिला खोकल्याबरोबर फार रक्त पडलं. नर्सबायांनी पडदा ओढला. पडदा काढला तेव्हा खाट रिकामी होती.

त्यानंतर मला प्रार्थना करता येईना. आधी मी खूप प्रार्थना करायची, लांबलचक, देवाला सगळं समजावून सांगणारी: शाळेला माझी गरज आहे, मास्तरांना नीट चूल पेटवता येत नाही. आता शब्दच येईनात. तशीच पडून होते. मनात एवढंच आलं, 'प्रभू, इथंच बस. जाऊ नको.' पुढं काही नाही. आणि तो बसला. याहून वेगळ्या शब्दांत मला ते सांगता येत नाही. पद्माक्का परत आली नाही, ताप उतरला नाही, उद्या जगेन असंही कुणी सांगितलं नाही. पण मी एकटी नव्हते, हे मला पक्कं कळलं. भीती होती, तरी तिच्यातही मला थारा मिळाला होता. त्या दिवसापासून मी रोज तेवढंच म्हणत गेले.

दवाखान्यातही प्रभुभोजन व्हायचं. पाळकसाहेब हातात सुरई घेऊन खाटेखाटेशी येत आणि ज्याच्या त्याच्या पेल्यात रस ओतत. अशा एका रविवारी मास्तर मला भेटायला आले, आणि त्यांच्या मागं आप्पा. घर सोडल्यापासून मी त्यांना पाहिलं नव्हतं. खाटेच्या पायथ्याशी अंतर राखून, पागोटं सावरत उभे राहिले.

पाळकसाहेबांनी माझ्या पेल्यात रस ओतला. आप्पांनी त्या पेल्याकडे पाहिलं, मग पलीकडच्या खाटेवरच्या पेल्याकडे, मग त्याच्या पलीकडच्या. मला वाटलं, आता जातात निघून.

"आप्पा, तुमच्यासाठी पेला आणवतो," पाळकसाहेब म्हणाले.

"नगं." आप्पा उकिडवे बसले आणि त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली. "ह्यातच घाला."

मास्तरांनी तोंड फिरवलं. मलाही कळलं. आप्पांच्या लहानपणी आमच्या माणसांना बाहेरचा कपसुद्धा मिळत नसे. दुसऱ्यांच्या दारात असंच उकिडवं बसायचं, ओंजळ धरायची आणि वरून कुणी ओतेल ते प्यायचं. बाप्तिस्मा झाल्यावर आप्पांनी ओंजळ कायमची सोडली. नदीवरसुद्धा ते लोटा घेऊन जायचे.

पाळकसाहेबांनी अगदी वाकून, हात आप्पांच्या हातांना टेकवून रस ओतला. आप्पा प्याले. थोडा रस कोपरापर्यंत ओघळला.

"आता आपण दोघंबी वेगळं, पोरी," ते म्हणाले. "तू एकटी न्हाईस."

मला रडायचीही बंदी होती. मी रडले.

खूप महिन्यांनी एक्स-रे, म्हणजे छातीच्या आतला फोटो, सुधारलेला दिसला. थुंकी पुन्हा पुन्हा तपासली. जंतू नव्हते. "देवाची कृपा आणि आपली शिस्त," बाई म्हणाल्या. "आता आपण सामाईक पेल्याला ओठ लावू शकता."

हे दुखणं कुणाला आलं तर सांगते, वेगळं राहायची वेळ येईल, तेव्हा वेगळं राहा. ते आपल्या माणसांच्या जिवासाठी असतं. देव त्या वेगळेपणाच्या आत येऊन बसतो. त्याला लांब राहायला कुणी सांगितलेलं नाही.

घरी परतल्यावर पहिलं प्रभुभोजन आलं. डॉक्टरांचा शब्द होता, तरी मला धीर होईना. मी आपली सतरंजीच्या अगदी टोकाला जाऊन बसले, म्हणजे माझ्यानंतर कुणी नको. पेला एकेक करत येऊ लागला. तेव्हा पुढच्या रांगेतून आप्पा उठले, घोंगडं काखेत मारलं, सगळ्यांना ओलांडत मागं आले आणि माझ्याही पलीकडे जमिनीवर बसले.

"आप्पा, तुमी पुढं बसा की!"

"सरक जरा," ते म्हणाले. "पी, आन् मला दे."

मी प्याले आणि त्यांना दिला.