जोसायाभाऊंच्या न मोजलेल्या धावा

लोक विचारतात, आजी, तुझ्याकडे एवढे किस्से आले कुठून? अहो, किस्से कुवेतच्या वाळूसारखे. खिडक्या कितीही घट्ट लावा, वादळानंतर उशीवर थर असतोच!

तर एक होते जोसायाभाऊ, एक होती त्यांची रूबीबाई, आणि समोरच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघं. घरं कुवेतच्या सालमिया भागात, नोकरी मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत. आमचे हे वेल्डर, भाऊ त्यांचे फोरमन. अमेरिकेतले काळे गृहस्थ, साठी उलटलेली, तळवे सुपाएवढे. तरुणपणी बेसबॉल खेळलेले. पण तिकडच्या मोठ्या टीमांत गोऱ्यांशिवाय कुणाला घेत नसत. काळ्यांच्या टीमा वेगळ्या, बसमधून गावोगाव हिंडणाऱ्या. आता नातू तिकडे मोठ्या टीमच्या उंबऱ्यापर्यंत पोचला होता. रूबीबाईचं एकच पालुपद, "घरातलं एक माणूस त्या मैदानात उतरलेलं बघू दे देवा, मग ने मला!"

शुक्रवारी दोघं आमच्याकडे जेवायला. भाऊ सांगणार, आमचे हे मराठीत करणार.

*

मॅच बघायला गाव लोटायचं, पण मॅचनंतर हॉटेलात या काळ्या खेळाडूंना प्रवेश नाही. टीममध्ये एकजण गोऱ्यांत खपेल इतका उजळ रंगाचा होता. सगळ्यांसाठी जेवण आणायला त्यालाच आत धाडायचे. एकदा गडी तासभर बाहेर येईना! आला तो ढेकर देत. सगळे त्याच्यावर तुटून पडले. तो म्हणतो, "रागावू नका रे, आत टेबलावर बसून जेवलो. काही खास नसतं, तुमचं काही हुकलं नाही!"

हे मला समजावून सांगायला लागले. मी म्हटलं, राहू द्या. माझ्या आईला विहिरीवर ओंजळीत वरून पाणी घालायचे. हे मला कळतं.

*

झोपायलाही कुणी खोली देईना. एका गावात शवपेट्या विकणाऱ्याला दया आली, त्याने दुकानात, पुरायला आणलेल्या मढ्यांशेजारी जागा दिली. मी म्हटलं, "अगं बाई! भीती नाही वाटली, भाऊ?"

"भीती कसली, सिस्टर? अख्ख्या गावात आमच्या शेजारी झोपायला तयार होते ते तेवढेच!"

*

एका शुक्रवारी आपल्या भारतीय पोरांनी भाऊंना क्रिकेटला ओढून नेलं. भाऊंनी बॅट खांद्यावर घेतली आणि पहिलाच चेंडू रस्त्यापलीकडच्या बेकरीच्या गच्चीवर! पोरं नाचायला लागली. आणि भाऊ? बॅट फेकून उजवीकडे धावत सुटले! सगळ्या मैदानाला गोल फेरी मारून, धापा टाकत जागेवर आले.

"काका, सिक्स होता! धावायची गरज काय?"

भाऊ गुडघे धरून म्हणाले, "आमच्यात चेंडू कुठंही जाऊ दे, फेरी पुरी केल्याशिवाय धाव मोजत नाहीत. माझ्या तर फेरी पुरी करूनही मोजल्या नाहीत."



*

पुढे मोठ्या टीमांचं दार काळ्यांसाठी उघडलं, तेव्हा भाऊ पस्तिशीपार. रूबीबाईने पढवून पाठवलं, "अठ्ठावीस सांग!" भाऊंनी सांगितलंही. निवड करणारा साहेब म्हणाला, "टोपी काढ." काढली. डोकं निम्मं पांढरं!

"अठ्ठाविसाव्या वर्षी केस पिकले?"

"नाही साहेब. तुम्ही दार उघडेपर्यंत पिकले."

*

आणि एक दिवस अमेरिकेहून फोन आला. नातू मोठ्या टीममध्ये! रूबीबाई मला मिठी मारून अशी रडली, की माझा खांदा भिजला.

पहिल्या मॅचच्या दिवशी रात्रीची इशाची बांग झाली आणि आम्ही त्यांच्या घरी जमलो. भाऊ कोट, टाय, पॉलिश केलेले बूट घालून रेडिओसमोर बसलेले. खरखर, मध्येच माणसांचा कल्लोळ. ह्यांनी सुई हलवून हलवून आवाज पकडला. रूबीबाईने माझा हात इतका आवळला, की बांगडी रुतली.

नातवाची बॅटिंग आली. हजारो लोकांपुढे मैदानातल्या लाउडस्पीकरवर नाव पुकारलं. पोराला नाव आजोबांचंच ठेवलेलं.

"जोसाया!"

म्हातारा खुर्चीतून ताडकन उठला. "येस, सर!"