पुडीवरचं दुसरं नाव

माझ्या मोठ्या नणंदेला सगळे भिंगताई म्हणतात. कॉलेजात वाळवलेल्या वनस्पतींच्या नमुन्यांची खोली त्या सव्वीस वर्षं सांभाळताहेत. नमुना कागदाच्या पुडीत ठेवायचा, वर तो काय ते लिहायचं आणि खाली ओळखणाऱ्याचं नाव. कपाटंच्या कपाटं त्यांच्याच नावाची.

यंदा हाताखाली एक मुलगी आली आणि ताईंना घास गोड लागेना. "सर उठसूट तिचंच कौतुक करतात! अक्षर काय, उरक काय! मी काय इतकी वर्षं माशा मारत होते?"

एका संध्याकाळी मात्र स्वारी खुशीत. "सापडली! दगडफुलाच्या पुडीवर बुरशी लिहिलंय बाईसाहेबांनी."

"दोन्ही एकच ना?"

"छे गं! बुरशी आयतोबा. कुजक्या लाकडावर, शिळ्या पावावर बसून खाणार. दगडफुलात तीच बुरशी घर बांधते आणि आत शेवाळाला ठेवून घेते. शेवाळ उन्हावर स्वयंपाक करतं, दोघं जेवतात. म्हणून ते उघड्या दगडावरही जगतं. थेंबभर पाणी टाकून नखानं खरवड, आत हिरवा थर दिसतो. नुसत्या बुरशीत तो नसतो."

"मग सांगितलंत तिला?"

"मी कशाला सांगू? शुक्रवारी प्रदर्शनात चारचौघांत कळेलच."

शुक्रवारी मीही गेले. पाहुणे यायचे होते. ती मुलगी ताईंना कोपऱ्यात घेऊन गेली. हातात एक पिवळी, फाटकी पुडी. "ताई, रागावू नका. ही फाटली म्हणून नवी केली. आत दगडफूल आहे, पण तुम्ही बुरशी लिहिलं होतंत. तुमचं लिहिलेलं बदलायला मन धजेना, तसंच उतरवलं; खाली नाव तेवढं कोरं ठेवलं. सरांना बोलले नाही."

ताईंनी भिंग लावलं. अक्षर त्यांचंच, तारीख नोकरीच्या पहिल्या महिन्यातली. बराच वेळ त्या भिंगातून वर बघेचनात. मग पेन काढलं, नव्या पुडीवरचं 'बुरशी' खोडून 'दगडफूल' लिहिलं आणि खाली, दात-ओठ खात, त्या मुलीचं नाव.

"वा! नजर आहे पोरीची," पुडी बघून सर म्हणालेच.

घरी येताना मी म्हटलं, "मोठं मन केलंत, ताई."

"कसलं मोठं मन! चूक काढली ती काढली, वर माझी अब्रूही सांभाळली. इतकं चांगलं वागतं का कुणी?" त्या तरातरा दहा पावलं पुढे गेल्या आणि वळल्या. "उद्या डब्यात दोन पोळ्या जास्त घाल. दुपारी नुसता पाव खाते मेली, बुरशीसारखी."